हळदीने जंतू मरतात का? तपासून घेऊ या

हळद, लसूण, मध, लवंग, कडुनिंब, तुळस. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरात ही नावे नव्याने सांगावी लागत नाहीत. खोकल्याला मध, दाढदुखीला लवंग, कापले-खरचटले की हळद, कांजिण्या आल्या की कडुनिंबाचा पाला. यातले बरेचसे ज्ञान आपल्या आज्या-पणज्यांनी आणि वस्तीतल्या सुईणींनी जपले. दवाखाना जवळ नव्हता, आणि जिथे होता तिथे आपल्या माणसाला हात लावायलाही कुणी तयार नसे, त्या काळात याच बायांनी आजारी माणसे सांभाळली. म्हणून घरगुती उपायांची टिंगल आम्ही करणार नाही.

पण आज मोबाइलवर रोज नवा संदेश फिरतो. अमुक पाल्याने सगळे जंतू नष्ट होतात, प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे! काढ्याच्या बाटलीवर तेच, साबणाच्या वेष्टनावर तेच. घरोघरी फिरताना आयाबाया आम्हाला विचारतात, ‘‘ताई, सिद्ध झालंय म्हणतात ना? मग पोराला दवाखान्यात कशाला न्यायचं? एक खाडा पडला तर दिवसाची मजुरी जाते.’’ प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते अवघड नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तर मुळीच नाही.

बशीत काय करतात?

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांना खायला दिले आणि ऊब दिली की ते इतके वाढतात की त्यांचा थर दिसू लागतो. यासाठी झाकणाची एक चपटी बशी घेतात. तिला पेट्री डिश म्हणतात. तिच्यात जंतूंचे खाणे मिसळलेली, घट्ट झालेली खळ असते. ही खळ ज्या अगारने घट्ट होते, तो म्हणजे आपल्या किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रास. जर्मनीत १८८१ च्या सुमारास शास्त्रज्ञांची अडचण अशी होती की जिलेटिनची खळ उबेत वितळून जाई. फॅनी हेसे या बाईंनी सुचवले की स्वयंपाकात जेली घट्ट करायला आपण अगार वापरतो, तेच वापरून पाहा. त्यांचे पती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत अगारच चालते. एका बाईच्या स्वयंपाकघरातले ज्ञान विज्ञानाच्या कामी आले, ते असे.

या खळीवर एकाच जातीचे जंतू सगळीकडे सारखे पसरतात. मग सहा मिलिमीटरची कागदाची गोल चकती औषधात किंवा पाल्याच्या रसात भिजवून वर ठेवतात. बशी रात्रभर ३५ ते ३७ अंशांच्या उबेत राहते. सकाळी बशीभर जंतूंचा धुरकट थर आलेला असतो. चकतीतला रस जंतूंना रोखणारा असेल, तर चकतीभोवती थर येत नाही. तिथे स्वच्छ, गोल रिंगण दिसते. पट्टीने ते मोजतात. ‘हळदीने जंतू मेले’ असे जे सांगितले जाते, त्यामागे बहुतेक वेळा हेच रिंगण असते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ही तपासणी आधीच झालेली आहे. लघवीला जळजळ होते, ताप उतरत नाही, म्हणून डॉक्टर ‘कल्चर’ करायला सांगतात. त्या अहवालात औषधांच्या नावांपुढे इंग्रजी ‘एस’ किंवा ‘आर’ लिहिलेले असते. ‘एस’ म्हणजे या औषधाने तुमचा जंतू अडतो, ‘आर’ म्हणजे या औषधाला तो दाद देत नाही. हे रिंगण मोजूनही ठरवतात. त्याची ठरावीक पद्धत १९६६ साली प्रसिद्ध झाली आणि आजही अनेक रुग्णालयांत ती वापरतात. म्हणून लक्षात ठेवा : डॉक्टरांनी कल्चर सांगितले असेल तर शक्यतो अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. गोळी आधी घेतली तर जंतू बशीत वाढतच नाहीत आणि अहवाल दिशाभूल करतो.

रिंगण दिसले, तरी चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न : नुसते कोरे द्रावण लावलेली चकती शेजारी ठेवली होती का? पाल्याचा अर्क पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढतात. अल्कोहोल स्वतःच जंतू मारते. मग रिंगण पाल्याचे की अल्कोहोलचे? नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवल्याशिवाय हे कळणार नाही.

दुसरा : शेजारी ओळखीच्या औषधाची चकती होती का? रिंगण १० मिलिमीटर आले यावरून काही कळत नाही. त्याच बशीत नेहमीच्या औषधाचे रिंगण किती, हे माहीत हवे. आणि नुसते आकारावरून मोठे-छोटे ठरवणेही बरोबर नाही. तेलकट पदार्थ पाणीदार खळीत नीट पसरत नाही, म्हणून त्याचे रिंगण लहान येते. लवकर पसरणाऱ्या रसाचे मोठे येते.

तिसरा : कुठला जंतू होता? सगळे जंतू सारखे नसतात. जुलाब आणि लघवीचे आजार करणाऱ्या ई. कोलायसारख्या जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असते. त्यामुळे गळू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर जो रस चालतो, तो ई. कोलायवर पुष्कळदा चालत नाही. एका जंतूवर चालले म्हणून ‘सगळे जंतू नष्ट’ असे म्हणणे खोटे आहे.

चौथा : किती वेळा केले? एकदा केलेल्या प्रयोगावर विसंबू नये. निदान तीनदा करून तेच दिसले, तर बोलावे.

जाहिरातीतल्या ‘९९.९ टक्के’चाही हिशेब करून पाहा. दहा लाख जंतूंमधले ९९.९ टक्के मेले, तरी हजार उरतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे हजाराचे पुन्हा दहा लाख व्हायला तीन-साडेतीन तास पुरतात.

बशी म्हणजे शरीर नव्हे

संडास धुण्याचे ॲसिड बशीत ठेवले तर केवढे तरी मोठे रिंगण येईल. ते कुणी पिईल का? बशीत जंतू मेला एवढ्यावरून ती वस्तू माणसाला चालेल, पोटातून रक्तात जाईल, दुखण्याच्या जागी पुरेशी पोहोचेल आणि पुरेसा वेळ टिकेल, यातले काहीच सिद्ध होत नाही.

पेनिसिलिनची हकिगत पाहा. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बशीत बुरशी दिसली आणि तिच्याभोवती जंतू विरघळलेले दिसले. जगातले हे सर्वांत प्रसिद्ध रिंगण. पण तेवढ्यावर ते औषध झाले नाही. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिले, ते जगले. चौघांना दिले नाही, ते मेले. १९४१ साली एका आजारी पोलिस शिपायाला ते दिले. तो सुधारू लागला. पण औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून काढून पुन्हा द्यावे लागले. शेवटी साठा संपला, आजार उलटला आणि तो दगावला. रिंगण दिसल्यापासून माणसाला पुरेल एवढे औषध तयार होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे आणि शेकडो माणसांचे कष्ट लागले. अँटिबायोटिक मध्येच सोडू नये, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यावे, याचे कारणही त्या शिपायाच्या हकिगतीत आहे.

आपल्या डब्यातले उपाय

हळद : हळदीतले कर्क्युमिन बशीत काही जंतूंना रोखते, हे खरे. पण ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडे जाते. भाजी-दुधातली हळद अन्न म्हणून चांगली. न्यूमोनियावर किंवा टीबीवर ती औषध नाही. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते. मसाल्यांत जंतूंची बीजे असतात, सुट्या हळदीत भेसळीचा रंगही असू शकतो. म्हणून खोल जखमेत, भाजलेल्या जागी आणि बाळाच्या नाळेवर ती कधीही भरू नये.

लसूण : लसूण ठेचली की तिच्यात ॲलिसिन तयार होते. जंतूंना रोखणारे हे द्रव्य १९४४ साली वेगळे काढण्यात आले. पण अख्खी पाकळी शिजवली किंवा तळली की ते तयारच होत नाही. आणि ठेचलेली कच्ची लसूण कातडीवर बांधून ठेवली तर कातडी भाजते. लहान मुलाच्या छातीवर, तळपायावर ती बांधू नका.

मध : मधावर खरोखर चांगले काम झाले आहे. त्यात पाणी कमी, आंबटपणा जास्त आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करण्याची शक्ती, यामुळे जंतू त्यात तग धरत नाहीत. काही रुग्णालये जखमेसाठी खास निर्जंतुक केलेला मध वापरतात. मात्र बाजारातल्या बाटलीला हे लागू नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, बाळाचा मात्र जीव धोक्यात येतो. मोठ्या मुलांना खोकल्यात चमचाभर मध देण्याला हरकत नाही.

लवंग : लवंगेच्या तेलात युजेनॉल असते. ते दाताचे डॉक्टरही वापरतात. ठणका थांबतो, पण किडलेला दात बरा होत नाही. तोंड सुजले, ताप आला तर दात दाखवलाच पाहिजे.

कडुनिंब : पाल्याच्या पाण्याने मोठ्यांनी आंघोळ केली तर बिघडत नाही. पण कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलांना पाजल्याने विषबाधा होऊन मुले दगावल्याची नोंद आहे. ते पोटात देऊ नका.

रिंगण नाही, पण जीव वाचवते

आता उलट उदाहरण. मीठ-साखरेचे पाणी चकतीवर टाकून बशीत ठेवा. रिंगण येणार नाही. एकही जंतू मरणार नाही. म्हणजे हा उपाय निकामी का?

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांतून भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला शिकवले. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. जुलाबात माणूस जंतूने मरतो त्यापेक्षा अंगातले पाणी गेल्याने मरतो, म्हणून हे पाणी जीव वाचवते. ही परीक्षा बशीत झाली नाही, माणसे जगली की मेली हे मोजून झाली. आणि शेवटी तीच खरी परीक्षा आहे.

म्हणून मुलाला जुलाब लागले की काढा शोधत बसू नका. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम कालवा आणि थोडे थोडे पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ घाला. अंगावरचे दूध चालू ठेवा. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि चौदा दिवस द्या.

जुने आहे म्हणून खरे?

१९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्याला आनंद झाला, तो रास्तच होता. पण पेटंट कशामुळे रद्द झाले? हा वापर जुना आहे, नवा शोध नाही, हे सिद्ध झाल्यामुळे. वापर जुना आहे याचा पुरावा वेगळा आणि तो गुणकारी आहे याचा पुरावा वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः तपासा आणि हिताचे असेल तर स्वीकारा, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. ही कसोटी दुसऱ्याच्या ग्रंथाला लावायची आणि आपल्याला सोडायची, असे चालणार नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा एक अख्खा खंड आहे. भिक्खूंना चालणाऱ्या मुळांत हळद आणि आले आहे, पानांत कडुनिंब आणि तुळस आहे. म्हणून ती सिद्ध झाली असे आपण म्हणत नाही. तशीच एखादी वस्तू पवित्र आहे म्हणूनही जंतू मरत नाहीत. गोमूत्र असो, तीर्थ असो की अंगारा, बशीला पावित्र्य कळत नाही. ती जातही विचारत नाही.

उलटही तितकेच खरे. नैसर्गिक आहे म्हणून टाकाऊ असेही नाही. पेनिसिलिन बुरशीतून आले. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातल्या एका वनस्पतीतून काढले. आधीचे अर्क नीट चालत नव्हते. ग्रंथात पाला उकळायला सांगितलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आले, म्हणून कमी उष्णतेवर अर्क काढला आणि आधी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. बुरशीच्या आजारांवरचे हॅमायसिन तिथेच शोधले गेले. ते ज्या जंतूपासून मिळते त्याच्या नावातच पिंपरी आहे. आजीच्या उपायाची तपासणी करणे हा आजीचा अपमान नाही. जे टिकेल ते जगाच्या कामी येईल.

विहारातल्या मुलांसाठी एक प्रयोग

हाताचे, नाकाचे जंतू घरी वाढवू नका. कोणते वाढतील सांगता येत नाही. तसला प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करावा. घरी मात्र दह्यावर प्रयोग करता येतो. दही लावणारेही जंतूच, पण निरुपद्रवी.

पाच सारख्या वाट्या घ्या. प्रत्येकीत उकळून कोमट झालेले सारखेच दूध घाला. पहिल्या चार वाट्यांत सारखे विरजण घाला. पहिलीत आणखी काही नको. दुसरीत हळद, तिसरीत ठेचलेली लसूण, चौथीत लवंगेची पूड, सगळे मापून सारखे. पाचवीत विरजणही नको. झाकून एकाच जागी रात्रभर ठेवा. सकाळी कोणते लागले, कोणते नाही, ते वहीत लिहा. पहिली लागली नाही तर विरजणच खराब, पाचवी लागली तर भांडे किंवा दूध अस्वच्छ. अशा वेळी बाकीच्या वाट्यांवरून काहीच ठरवता येत नाही. लिंबू का नको, हेही मुलांना विचारा. लिंबाने दूध नासते, ते दह्यासारखे दिसते, पण त्यात जंतूंचे काम नाही. डोळ्यांना दिसले ते कशामुळे झाले, हे ओळखणे म्हणजेच विज्ञान. प्रयोग तीनदा करा. प्रयोगातले दही खाऊ नका.

थांबू नका, दवाखाना गाठा

बाळाच्या नाळेवर हळद, राख, शेण, तेल, काहीही लावू नका. ती कोरडी ठेवा. नाळेभोवती लाली किंवा पू दिसला, बाळ दूध ओढेना, अंग थंड पडले किंवा तापले, तर त्याच तासाला निघा. मूल भराभर श्वास घेते, छाती आत ओढली जाते, जुलाबात डोळे खोल जातात, लघवी होत नाही, शौचात रक्त पडते, तर थांबू नका. खिळा लागला, कुत्रा चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, कुत्र्याचा चावा पंधरा मिनिटे धुवा, आणि इंजेक्शनसाठी जा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. टीबीचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची आहे. काढा स्वस्त आहे, म्हणून गरिबाने काढ्यावर भागवावे आणि श्रीमंताने दवाखान्यात जावे, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. दवाखाना संध्याकाळी, कामावरून परतल्यावर उघडा हवा. तिथे कल्चरची सोय हवी, ओआरएस आणि झिंक हवे. नळाला स्वच्छ पाणी हवे. विहारातल्या पुढच्या सभेत यावर ठराव करा. प्रत्येक गल्लीतल्या दोन बायांनी तो घेऊन वॉर्ड कार्यालयात जावे आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.